औषधांना न जुमानणारी फिट: तुपाचं माप आणि आतड्यातले जंतू

एका भाकरीला साधारण ५० ग्रॅम ज्वारीचं पीठ लागतं. त्यात ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. फिट आवरण्यासाठी कीटो (भरपूर चरबी, अगदी थोडी कर्बोदकं) आहारावर ठेवलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला अख्ख्या दिवसात मिळून कर्बोदकांची मुभा असते जेमतेम १० ग्रॅमची. म्हणजे पाव भाकरीतच दिवसाचा कोटा जवळपास संपतो. सोलापुरात, जिथे भाकरी झाली की जेवण झालं, तिथे या आहाराचं नाव ऐकून आई-वडील का हबकतात ते यावरून कळेल.

तरीही हा आहार मुलांना दिला जातो, कारण काही मुलांमध्ये तीन-तीन औषधांनी न थांबलेले झटके त्याने कमी होतात. हे नेहमीच्या अर्थाने पथ्य नाही. याला औषधासारखा डोस आहे, दुष्परिणाम आहेत, तपासण्या आहेत आणि बंद करण्याची पद्धतही आहे. गेल्या काही वर्षांत यात आतड्यातल्या जंतूंची भर पडली आहे, आणि त्यांच्या नावाने कॅप्सूलही विकल्या जातात. त्यातलं सिद्ध काय, आशा काय आणि स्वयंपाकघरात करायचं काय, हे नीट पाहू.

आधी खात्री: फिट खरंच दाद देत नाही का?

झटक्याच्या प्रकाराला योग्य अशी दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, नियमित घेऊनही झटके थांबले नाहीत, तर त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार (फिटचा आजार) म्हणतात. ही व्याख्या २०१० साली आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने ठरवली. साधारण दहातल्या तीन रुग्णांच्या बाबतीत असं होतं. दोन औषधं फसल्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या गोळीने झटके पूर्ण थांबण्याची शक्यता फारच कमी उरते. म्हणून त्या टप्प्यावर नुसती गोळी बदलत बसण्यापेक्षा दुसऱ्या उपायांचा विचार करायचा असतो.

पण व्याख्येतले ‘योग्य’ आणि ‘नियमित’ हे शब्द आधी तपासा. कार्बामाझेपिन हे चांगलं औषध असलं तरी क्षणभर शून्यात पाहत राहणं किंवा हातपाय दचकणं या प्रकारच्या झटक्यांत त्याने त्रास वाढू शकतो. यात्रेतली जागरणं, उपवासाच्या दिवशी टाळलेली गोळी, महिनाअखेरीस संपलेली बाटली यांमुळेही झटके येतात. सगळेच झटके अपस्माराचे नसतात, म्हणून पुढच्या वेळी मोबाईलवर चित्रीकरण करा. ते डॉक्टरांना दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतं. एमआरआयमध्ये मेंदूच्या एकाच जागी दोष दिसत असेल, तर शस्त्रक्रियेसाठीची तपासणी आधी करून घ्यावी. तिथे कायमचा गुण येण्याची शक्यता आहाराहून मोठी असते.

उलट काही आजारांत आहाराचा नंबर पहिला लागतो. मेंदूपर्यंत साखर पोचवणारं प्रथिनच सदोष असेल (ग्लुट-१ कमतरता), तर मेंदूला कीटोन हे दुसरं इंधन देणं हाच मुख्य उपचार असतो. अशा मुलांमध्ये पाठीतल्या पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या मानाने कमी आढळते. लहान वयात, रिकाम्या पोटी वाढणारे झटके असतील तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल जरूर विचारा.

उपाय जुना, पुरावा अलीकडचा

उपाशी ठेवलं की झटके थांबतात, हे फार पूर्वीपासून लोकांच्या लक्षात आलं होतं. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की उपास न करताही शरीराला उपाशी असल्यासारखं वागायला लावता येईल. त्यासाठी कर्बोदकं जवळपास बंद करायची आणि ऊर्जा चरबीतून द्यायची. मग यकृत चरबीपासून कीटोन बनवतं आणि मेंदू त्यावर चालतो. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे फिटचं औषध आलं, गोळी देणं सोपं पडलं आणि आहार मागे पडला. १९९० च्या दशकात तो परत आला.

लंडनमधली २००८ ची चाचणी महत्त्वाची. तीत १४५ मुलं होती. तीन महिन्यांनी आहारावरच्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले, नुसत्या औषधांवरच्या गटात ६ टक्के मुलांचे. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये १०२ मुलांवर सुधारित अ‍ॅटकिन्स आहार (कीटोचाच सैल प्रकार) तपासला गेला. २०१३ साली त्याचे निष्कर्ष आले: ५२ टक्के विरुद्ध ११.५ टक्के. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘हे विदेशी खाणं, आपल्याला कसं झेपणार’ हा प्रश्न हमखास येतो. ही मुलं भारतीय होती आणि भारतीय घरातलंच खात होती.

आतड्यातले जंतू मधे कुठून आले

कीटोन वाढले की झटके कमी होतात, एवढं सोपं गणित असतं तर रक्तात कीटोन सारखेच असलेल्या दोन मुलांना सारखाच गुण आला असता. तसा येत नाही. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एलेन शाओ यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग केले. कीटो आहारावरच्या उंदरांना झटका आणण्यासाठी जास्त विद्युतप्रवाह लागत होता, म्हणजे त्यांना संरक्षण मिळालं होतं. पण ज्यांच्या आतड्यात जंतूच नव्हते, किंवा जे अँटिबायोटिकने संपवले होते, त्यांना तोच आहार देऊनही ते संरक्षण मिळालं नाही, आणि कीटोनच्या पातळीवरून हा फरक उलगडत नव्हता.

आहारावर दोन जातींचे जंतू वाढले होते: अक्करमॅन्सिया आणि पॅराबॅक्टेरॉइड्स. ते दोन्ही मिळून परत दिले तर संरक्षण परतलं, एकच देऊन भागलं नाही. साध्या आहारावरच्या उंदरांनाही ही जोडी दिल्यावर फायदा दिसला. उष्णतेने मारलेले जंतू दिले तेव्हा काहीच झालं नाही.

याची वाट अशी दिसली. आतड्यातले काही जंतू अमिनो आम्लांना ग्लुटामिल नावाचा तुकडा जोडतात आणि असे जोडलेले रेणू रक्तात जातात. ही जंतूंची जोडी एकत्र असली की ते काम मंदावतं आणि रक्तातले असे रेणू घटतात. त्याबरोबर मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात ग्लुटामेटच्या तुलनेत गाबा वाढतं. ग्लुटामेट मेंदूच्या पेशींना उत्तेजित करतं, गाबा शांत करतं, त्यामुळे झटक्याला लागणारी ठिणगी पडणं अवघड होतं. २०२३ मध्ये याच गटाने आणखी एक पायरी गाठली. अपस्मार असलेल्या मुलांची विष्ठा आहार सुरू होण्याआधी आणि नंतर घेऊन ती उंदरांना दिली. ‘नंतरची’ मिळालेल्या उंदरांची झटक्याला तोंड देण्याची क्षमता जास्त होती.

आता माणसांकडे येऊ, कारण इथे चित्र गुंतागुंतीचं होतं. स्वीडनमध्ये १२ मुलांचा आहाराआधी आणि तीन महिन्यांनंतर अभ्यास झाला. त्यात बिफिडोबॅक्टेरिया, म्हणजे दह्या-कॅप्सूलच्या जाहिरातींत ‘चांगले’ म्हणून मिरवणारे जंतू, चक्क घटले. ई. कोलाय वाढले. उंदरांतली अक्करमॅन्सियाची ठळक वाढ तिथे दिसली नाही. याचं कारण तर्काला धरून आहे: आहारात तंतू आणि पिष्ट कमी झालं की त्यावर जगणारे जंतू उपाशी राहतात. म्हणून फिटच्या बाबतीत ‘चांगले जंतू वाढवा’ हे वाक्य जसंच्या तसं लागू पडत नाही. कोणते जंतू, कोणत्या आहारावर, कोणत्या मुलात, यावर सगळं अवलंबून आहे.

मग प्रोबायोटिक कॅप्सूल?

२०१८ साली स्पेनमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ४५ रुग्णांना चार महिने प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत ‘चांगले’ जंतू, दिलं. २८.९ टक्के रुग्णांचे झटके निम्म्याहून कमी झाले. आकडा चांगला वाटतो, पण तिथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. वर दिल्लीच्या चाचणीत पाहा, आहार न दिलेल्या गटातही ११.५ टक्के मुलांचे झटके निम्म्याने उतरले होते. फिटचं प्रमाण आपोआपही वर-खाली होतं आणि लोक उपचाराला येतात ते बहुधा ते वर असताना. तुलनेचा गट नसला की यातलं श्रेय कोणाचं हे सांगता येत नाही.

विष्ठारोपणाने (निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडून) झटके थांबल्याची एका रुग्णाची नोंद चीनमधून २०१७ मध्ये आली. एका रुग्णावरून उपचार ठरत नाही. कॅप्सूलच्या खोक्यावर मेंदूचं चित्र असलं तरी फिटची गोळी तिच्या भरवशावर एक दिवसही सोडायची नाही. अचानक गोळी सुटली तर सलग, न थांबणारे झटके येऊन जिवावर बेतू शकतं.

दह्याचंही असंच. घरातली मोठी माणसं प्रेमाने म्हणतात, लेकराला दही द्या, पोट चांगलं राहील. १०० ग्रॅम दह्यात चार-पाच ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे १० ग्रॅमच्या कोट्यातले जवळपास निम्मे. द्यायचं तर २० ग्रॅम मोजून, त्यात तूप किंवा साय घालून, हिशेबात धरून द्या.

काट्यावरचं गणित

क्लासिक कीटो आहारात प्रमाण ४:१ किंवा ३:१ असतं: प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम, तर चरबी ४ किंवा ३ ग्रॅम. १५ किलो वजनाच्या, दिवसाला १००० कॅलरी लागणाऱ्या मुलाचं उदाहरण घेऊ. ४:१ मध्ये चरबीच्या ४ ग्रॅमचे ३६ आणि बाकीच्या १ ग्रॅमचे ४, असा एक संच ४० कॅलरींचा होतो. हजाराला २५ संच. म्हणजे दिवसाला १०० ग्रॅम चरबी आणि प्रथिनं व कर्बोदकं मिळून २५ ग्रॅम. किलोमागे १ ग्रॅम धरून १५ ग्रॅम प्रथिनं, उरली १० ग्रॅम कर्बोदकं. महिन्याला एकट्या चरबीचं वजन ३ किलो होतं. सगळं तूप परवडत नसेल तर करडईचं आणि शेंगदाण्याचं तेल चालतं. तेलं मिसळून वापरणं रक्तातल्या चरबीच्या दृष्टीनेही बरं.

आता एक ताट. एका अंड्यात सुमारे ५ ग्रॅम चरबी, ६ ग्रॅम प्रथिनं, अर्धा ग्रॅम कर्बोदकं. ४:१ साठी एकूण २६ ग्रॅम चरबी हवी, म्हणून वरून २१ ग्रॅम तूप घालायचं. त्यातलं ५ ग्रॅम तव्याला आणि ताटाला चिकटून राहिलं तर प्रमाण ३.२:१ वर येतं. रोज असं झालं की कीटोन का उतरले हे कोणालाच कळत नाही. म्हणून भांडं रबरी उलथन्याने निपटून द्यायचं, किंवा तूप शेवटी कोमट करून थेट घासात घालायचं. वजनकाटा १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटलच हवा. वाटी-चमच्याचं माप इथे चालत नाही.

सुधारित अ‍ॅटकिन्स आहार यापेक्षा सैल असतो. कर्बोदकं मुलांना सुरुवातीला दिवसाला १० ग्रॅम, मोठ्यांना २० ग्रॅमपर्यंत, तूप-तेल सढळ, प्रथिनांवर बंधन नाही, कॅलरी मोजायच्या नाहीत. शाळकरी मुलं आणि मोठ्यांसाठी हा जास्त झेपतो. तिसरा प्रकार कमी ग्लायसेमिक आहार: दिवसाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, पण साखर सावकाश वाढवणारीच. एम्सने २०२० मध्ये १७० मुलांवर तिन्ही प्रकार ताडून पाहिले. २४ आठवड्यांनी झटक्यांतली मधली घट कीटोत ६६, अ‍ॅटकिन्समध्ये ४५ आणि कमी ग्लायसेमिकमध्ये ५४ टक्के होती. दुष्परिणाम तिसऱ्यात सर्वांत कमी. माझं मत विचाराल तर दोन वर्षांखालचं मूल किंवा नळीने अन्न घेणारं मूल असेल तर क्लासिक, आणि सगळं घर एकाच चुलीवर जेवत असेल तर अ‍ॅटकिन्सपासून सुरुवात.

सोलापूरचं स्वयंपाकघर या कामाला वाटतं तेवढं वाईट नाही. शेंगाचटणीत पंचवीसेक ग्रॅम दाणे असतील तर १२ ग्रॅम चरबी, साडेसहा ग्रॅम प्रथिनं आणि तंतू वगळून २ ग्रॅम कर्बोदकं येतात. अ‍ॅटकिन्समध्ये ती फक्त २ ग्रॅम मोजली जाते. क्लासिक ४:१ मध्ये मात्र तिच्यावर आणखी २२ ग्रॅम तेल ओतावं लागतं. विकतच्या पाकिटात साखर-गूळ घातला आहे का ते वाचा, नाहीतर घरीच कुटा. भाकरीच्या जागी जवस उपयोगी पडतो. ३० ग्रॅम जवसाच्या पिठात तंतू वगळता कर्बोदकं १ ग्रॅमहून कमी असतात. अंडं किंवा इसबगोल घालून पीठ मळलं तर तव्यावर थापता येतं. भाकरीसारखी फुगणार नाही, पण चटणीबरोबर घास होतो आणि पोटही साफ राहतं.

दाळिंब, द्राक्षं, हुरडा, शेंगापोळी, हुग्गी पूर्ण बंद. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत घरोघरी तिळगूळ हातावर ठेवला जातो. निम्मा गूळ असलेल्या १५ ग्रॅमच्या लाडवात सातएक ग्रॅम साखर असते. नाही म्हणणं पाहुण्यांना कठोर वाटतं, म्हणून आईने आपल्याकडचा मोजलेला तीळ-तुपाचा लाडू पिशवीत ठेवावा. अंगणवाडीत आणि शाळेत खिचडीबद्दल लेखी कळवा, तोंडी सांगितलेलं बाई बदलल्या की विसरतं.

सुरू करण्याआधी आणि नंतर

यूट्यूब पाहून घरी सुरू करू नका. चरबी जाळण्याची यंत्रणाच जन्मतः बिघडलेली असेल, तर हा आहार मुलाचा जीव घेऊ शकतो. म्हणून आधी रक्तातली असिलकार्निटिन तपासणी आणि लघवीतली सेंद्रिय आम्लं पाहतात. त्याबरोबर यकृत, मूत्रपिंड, रक्तातली चरबी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि पोटाची सोनोग्राफी. रोजची औषधं सोलापुरातल्या डॉक्टरांकडेच चालू राहतात, पण आहाराची आखणी कीटोचा अनुभव असलेल्या आहारतज्ज्ञाकडूनच हवी. त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागलं तर घरातल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या, टूथपेस्टसकट, बरोबर न्या. गोड सिरपांतली साखर आहार मोडते. शक्य तिथे गोळी मागा, मात्र ‘क्रोनो’ किंवा ‘सीआर’ लिहिलेली (औषध सावकाश सोडणारी) गोळी न विचारता कुटू नका.

घरी लघवीच्या पट्टीवर कीटोन ८० ते १६० मिलिग्रॅम दिसायला हवेत. साखरविरहित जीवनसत्त्वं, खनिजं, कॅल्शियम आणि ड रोज द्यायचं, कारण इतक्या थोड्या भाजी-फळांतून ती पुरत नाहीत. पहिली तपासणी महिन्याने, मग दर तीन महिन्यांनी. उंची दर वेळी मोजा, वाढ मंदावणं हा खरा दुष्परिणाम आहे.

मूल सुस्त झालं, जोरात श्वास घेऊ लागलं, सारखं ओकू लागलं, तर साखर फार उतरली किंवा कीटोन फार चढले असण्याची शक्यता असते. साखर तपासा, डॉक्टरांनी लिहून दिलेला फळांचा रस (बहुधा ३० मिलिलिटर) द्या आणि लगेच फोन करा. बद्धकोष्ठ पुष्कळ मुलांना होतं.

मुतखडा हा आपल्या भागात विशेष जपण्याचा धोका. आहाराने लघवी आम्लधर्मी होते, त्यात एप्रिल-मेचा चाळिशीपार पारा आणि कमी पाणी. टोपिरामेट किंवा झोनिसामाइड ही फिटची औषधं चालू असतील तर आणखी भर. पोटॅशियम सायट्रेटबद्दल डॉक्टरांना विचारा आणि पाणी कधीही तोडू नका. नारळाचं तेल म्हणजे कीटो आहारात वापरलं जाणारं एमसीटी (मध्यम साखळीच्या चरबीचं) तेल नव्हे, हेही लक्षात असू द्या. त्यात उपयोगी मध्यम साखळीची चरबी थोडीच असते.

उलट्या-जुलाबात गल्लीतल्या दवाखान्यात पहिल्यांदा ग्लुकोजची सलाईन लागते. साखर उतरलेली नसेल तर साधी नॉर्मल सलाईन पुरते. हे लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या फाईलवर आणि आईच्या मोबाईलमध्ये हवी. ओआरएसच्या एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणून किती द्यायचं ते आधी विचारून ठेवा. पण मूल सुकत चाललं असेल आणि डॉक्टर भेटत नसतील, तर ओआरएस द्या. आहार पुन्हा रुळावर आणता येतो.

अँटिबायोटिक लिहिताना डॉक्टरांना फिटची औषधं सांगाच. मेरोपेनेमने व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाची रक्तातली पातळी झपाट्याने कोसळते, क्लॅरिथ्रोमायसिनने कार्बामाझेपिनची वाढते, सिप्रोफ्लॉक्सासिन स्वतःच झटके ओढवू शकतं. टीबीच्या आयसोनियाझिडबरोबर बी-६ लागतं. आतड्यातल्या जंतूंचा विचार नंतर, हे आधी.

पाच मिनिटांहून लांबलेला झटका आहार चालू असतानाही तातडीचाच: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, नाकातला मिडाझोलाम डॉक्टरांनी लिहिलेल्या फवाऱ्यांइतकाच द्या, आणि १०८ ला फोन करा.

गुण यायचा तर बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांतच चाहूल लागते. तरी निदान तीन महिने नीट पाळून, झटक्यांची वही ठेवून मग ठरवा. निम्म्यानेही कमी झाले नाहीत तर आहार थांबवण्यात गैर काही नाही. गुण आला तर साधारण दोन वर्षं चालवतात; ग्लुट-१ मध्ये त्याहून बराच जास्त काळ. बंद करताना ४:१ वरून ३:१, मग २:१, असं एक ते तीन महिन्यांत उतरवतात. मोजून दिलेला भाकरीचा पहिला तुकडा त्याच्या शेवटाकडे येतो, आणि त्या आठवड्यांतही वही चालूच ठेवायची.